आश्विन-कार्तिकात नांदूर-मध्यमेश्वरला पक्षी कसे पाहावेत

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर-मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पहिल्यांदा येणारे बहुतेक जण डिसेंबर-जानेवारी निवडतात. त्या वेळी पक्षी भरपूर असतात हे खरं. पण मला कोणी विचारलं तर मी घटस्थापना ते कार्तिकी पौर्णिमा हा काळ सांगतो. या दीड महिन्यात पाणथळ दर आठवड्याला बदलते. पावसाळ्यात इथेच वाढलेली पाणकोंबड्यांची आणि कमळपक्ष्यांची पिल्लं अजून मोठ्या पक्ष्यांच्या मागे फिरत असतात, आणि त्याच पाण्यावर मध्य आशियातून आलेली पहिली बदकं उतरत असतात. घरचे आणि पाहुणे एकाच पंगतीला, असं चित्र पुढे थंडीत राहत नाही.

या काळाची एक अडचण मात्र आहे. पाणी स्थिर नसतं, आणि पाणी स्थिर नसेल तर पक्षी कालच्या जागी सापडत नाहीत. म्हणून या लेखातली पहिली पायरी पक्ष्यांची नसून पाण्याची आहे.

पाण्याची चौकशी करून मगच निघा

ही जागा मुळात माणसाने बांधलेल्या बंधाऱ्यामुळे झाली. निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा मिळते, तिथे ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा झाला. कालव्यांना पाणी मिळावं हा हेतू होता. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, उथळ पाणी, बेटं आणि दलदल तयार झाली आणि पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं. पुढे २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याच जागेची निवड झाली. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालीम अलींनी राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून तिला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हटलं होतं, ते आजही इथल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे.

पण बंधारा आजही काम करतो आहे. वर गंगापूर आणि दारणा, कादवेवर पालखेड. या धरणांतून सोडलेलं पाणी इथूनच पुढे जायकवाडीकडे जातं. ऑक्टोबरच्या मध्यावर साठ्यांचा हिशेब होतो आणि जायकवाडीत पाणी कमी असेल तर वरून सोडावं लागतं. ज्या दिवशी मोठा विसर्ग सुरू असतो त्या दिवशी उघडा गाळ बुडतो आणि गाळावर चरणारे शेकडो लहान पक्षी एका रात्रीत दुसरीकडे जातात.

हे मी चुकून शिकलो. एका वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन पहाटे पोहोचलो. गाव जवळ आलं तेव्हा ओळखीच्या वाटाड्याला फोन केला. तो म्हणाला, “दादा, काल सांच्याला पाणी सोडलंय. आज सगळा गाळ बुडाला. निघायच्या आधी फोन करायचा ना!” त्या दिवशी आम्हाला वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, पाणकावळे आणि दूरवर काही बगळे दिसले. चिखलावरचे पक्षी पाहायला म्हणून जे मित्र पहिल्यांदाच आले होते, त्यांना ते दिसलेच नाहीत. तेव्हापासून मी निघण्याच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी करतो: नाशिकच्या वर्तमानपत्रात किंवा बातम्यांत नांदूर-मध्यमेश्वर बंधाऱ्यातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे ते पाहतो आणि गावात फोन करून गाळ उघडा आहे का ते विचारतो. विसर्ग थांबून दोन-तीन दिवस झाले असतील तर उत्तम. पाणी उतरताना ओल्या गाळात किडे, अळ्या, गोगलगाई वर येतात आणि पक्ष्यांची झुंबड उडते.

कोणता पंधरवडा कशासाठी

सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला चिखलपक्षी पाहायचे. तुतवार, चिखले, टिलवे हे सगळ्यांच्या आधी येतात. धोबी पक्षीही तेव्हाच. बदकांमध्ये भुवई बदक सर्वांत घाईचं, ते इतरांच्या पुष्कळ आधी पोहोचतं. ऑक्टोबरची काहिली असते, दहानंतर उन्हात उभं राहवत नाही, पण सकाळचे तीन तास सोन्यासारखे जातात.

दिवाळीच्या आसपास थापट्या, तलवार बदक, गडवाल, तरंग बदक आणि चक्रवाक यांची संख्या चढू लागते. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी रोज दिसू लागतो. मला एकच फेरी करता येणार असेल तर मी हाच काळ निवडेन.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्रौंच आणि पट्टकादंब यांची वाट पाहायची. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असले की दुसरी काही शंका घ्यायला नको. निफाड म्हणजे राज्यातल्या सर्वांत गार ठिकाणांपैकी एक. तेव्हा सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि नऊपर्यंत काहीच न दिसण्याची तयारी ठेवावी लागते.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. त्या आठवड्यात शाळांच्या सहली येतात. मुलांसाठी ते चांगलंच आहे, पण तुम्हाला शांतता हवी असेल तर सुट्टीचा दिवस टाळा.

बरोबर काय घ्यायचं

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरेशी. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हात हलला की चित्रही तेवढंच हलतं. नवख्याने आठचीच घ्यावी. दूरच्या बदकांसाठी तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण लागते, ती वाटाड्यांकडे असते. वही, पेन्सिल, टोपी, पाणी, पायात बंद बूट. कपडे मातीच्या किंवा पानांच्या रंगाचे. अत्तर-सेंटची बाधा पक्ष्यांना होत नाही, पांढऱ्या शर्टाची होते.

पोहोचणं

नाशिकहून निफाडमार्गे साधारण तास-सव्वा तास. रेल्वेने यायचं तर निफाड स्टेशन आहे, तिथून पुढे वाहन ठरवावं लागतं. वनविभागाचं माहिती केंद्र आणि निरीक्षण मनोरे चापडगावच्या बाजूला आहेत. प्रवेशशुल्क भरायचं आणि गावातला वाटाड्या घ्यायचा, हे मी आग्रहाने सांगतो. ही मुलं इथेच वाढलेली. कोणत्या बेटावर काल काय बसलं होतं हे त्यांना ठाऊक असतं आणि त्यांच्या हातात चार पैसे पडले की गावालाही पाणथळ आपली वाटते.

उजाडण्याच्या वीस मिनिटं आधी गाडीने जागेवर पोहोचावं. सूर्य पाठीशी येईल असा मनोरा निवडा. सूर्याकडे तोंड करून उभे राहिलात तर प्रत्येक बदक काळंच दिसेल.

मनोऱ्यावरची पहिली पंधरा मिनिटं

दुर्बीण लगेच डोळ्यांना लावू नका. उघड्या डोळ्यांनी पाण्याचे पट्टे पाहा. काठाचा ओला गाळ, त्यापुढे घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग खोल, आणि एका बाजूला लव्हाळे, पाणकणीस, जलपर्णी. पक्ष्याच्या पायांची आणि मानेची लांबी म्हणजे त्याच्या पाण्याची खोली. हे एकदा लक्षात आलं की अर्धी ओळख पक्षी दिसण्याआधीच होते.

ओल्या गाळावर टिलवे आणि चिखले. घोटाभर पाण्यात तुतवार आणि शेकाट्या. शेकाट्याचे लाल पाय इतके लांब असतात की तो थोडं आणखी आतही जातो. गुडघाभर पाण्यात चमचा, शराटी, चित्रबलाक, राखी बगळा. थापट्या आणि तलवार बदक डोकं पाण्यात घालून शेपूट वर करतात. त्यांची मान जिथवर पोहोचेल तिथवरच त्यांचं जेवण. खोल पाण्यात बुडी मारणारे: टिबुकली, पाणकावळा, वारकरी, लालसरी.

आता दुर्बीण घ्या आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टा सावकाश पाहा. मध्ये काही उडालं तरी पट्टा सोडू नका. अपवाद एकच, त्याबद्दल पुढे सांगतो.

बदकं: या ऋतूतली खरी परीक्षा

पुस्तकातलं तलवार बदकाचं चित्र पाहून गेलेला माणूस ऑक्टोबरमध्ये गोंधळतो. चॉकलेटी डोकं, पांढरी मान, लांब टोकदार शेपूट असं काहीच दिसत नाही. सगळी बदकं तपकिरी, मादीसारखी. कारण विणीनंतर नरांची भडक पिसं गळतात आणि काही काळ ते साध्या पिसाऱ्यात राहतात. बरेच नर त्याच वेषात इथे उतरतात आणि रंग हळूहळू थंडीत भरत जातात. म्हणून शरदात रंगावर विसंबायचं नाही. चोच, डोकं, मान आणि पंखाचा आरसा पाहायचा. आरसा म्हणजे पंखावरचा चमकता किंवा पांढरा चौकोनी पट्टा.

थापट्या सर्वांत सोपा. चोच शरीराच्या मानाने मोठी, टोकाला रुंद, सांडशीसारखी नव्हे तर उलथन्यासारखी. पाण्यावर चोच टेकवून गोल गोल फिरत असतो.

तलवार बदकाची मान लांब आणि सडपातळ, चोच राखाडी, चेहरा अगदी साधा, रेघ नाही की ठिपका नाही. बाजूला दुसरं बदक असेल तर मानेवरून लगेच कळतं.

भुवई बदकाच्या नावाने फसू नका. नराची ठळक पांढरी भुवई वर्षाच्या या काळात नसते, ती थंडी सरता सरता येते. त्याऐवजी चेहऱ्यावर दोन गडद रेघा आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका पाहा. त्याच्याच आकाराच्या चक्रांग बदकाचा चेहरा साधा असतो, शेपटीच्या बाजूला फिकट रेघ असते आणि उडताना हिरवा आरसा चमकतो.

गडवालचा आरसा पांढरा, आणि तपकिरी मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी. तरंग बदकाचं डोकं गोल, चोच आखूड, निळसर राखाडी, आणि पोट स्वच्छ पांढरं.

हळदी-कुंकू बदक इथलंच. चोच काळी, टोक पिवळं, चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. नाव ठेवणाऱ्याने किती नेमकं पाहिलं असेल! त्याचा वेष वर्षभर सारखा असतो. नवख्याने आधी हे बदक पक्कं करावं आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडून पाहावं: आकार मोठा की लहान, मान लांब की आखूड. मी स्वतः असंच शिकलो आणि आजही थव्यात पहिल्यांदा हळदी-कुंकूच शोधतो.

चक्रवाकाला कसली परीक्षा नाही. केशरी अंग, फिकट डोकं, उडताना पंखावर मोठा पांढरा भाग. जोडीने बसतो आणि त्याचा नाकातून काढल्यासारखा आवाज अर्ध्या जलाशयावर ऐकू येतो. कवींनी त्याला रात्रीच्या विरहात टाकलं, पण इथे रात्रीही ही जोडी शेजारी शेजारी चरताना दिसते.

वारकरी हे बदक नव्हे. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा आणि सतत घोळक्यात. गावातली मुलं हे नाव सांगतात तेव्हा पुन्हा समजावावं लागत नाही.

चिखलपक्षी: रंग सोडा, चाल पाहा

तुतवार सगळे सारखेच वाटतात, आणि बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात. सोडू नका. तीन जातींपासून सुरुवात करा.

एक तुतवार सारखं मागचं अंग वरखाली हलवत चालतो आणि उडताना पंख पाण्याला लागतील इतके खाली ठेवून थरथरत जातो. तो सामान्य तुतवार. दुसरा गडद, एकटा, नाल्याच्या काठी. उडाला की कमरेवर लखलखीत पांढरं आणि पंखाची खालची बाजू काळसर. तो हिरवा तुतवार. तिसऱ्याचे पाय पिवळसर, डोळ्यावर फिकट रेघ, पाठीवर बारीक ठिपके, आणि तो सहसा चार-सहांच्या घोळक्यात. तो ठिपकेवाला तुतवार. एका सकाळी एवढे तिघे पक्के झाले तर पुरे.

चिखल्या धावतो, थबकतो, टोचतो, पुन्हा धावतो. टिलवा थांबतच नाही, शिवणयंत्राच्या सुईसारखी त्याची चोच चालू असते. पाणलावा दिसत नाही, तो पायाखालून उडतो. म्हणूनच काठाच्या गवतात शिरायचं नाही. काळ्या शेपटीचा मालगुजा लांब चोच मुळापर्यंत गाळात घालतो आणि उडताना शेपटीचा काळा पट्टा दाखवतो.

गवत, जलपर्णी आणि बाभळी

जलपर्णीवर कमळपक्षी चालतो. पावसाळ्यातली लांब शेपूट आता गळलेली असते, म्हणून लोकांना हा वेगळाच पक्षी वाटतो. बोटं पाहा, कोळ्याच्या पायांसारखी लांब. पिल्लं सोबत असतील तर त्यांच्याजवळचा मोठा पक्षी हा बाप असतो. या जातीत अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. पाणकणसांत जांभळी पाणकोंबडी कोंब सोलून पायात धरून खाते. लव्हाळ्यांच्या शेंड्यावर गप्पीदास बसलेला असतो आणि खाली चिखलात निळ्या गळ्याचा शंकर नावाचा छोटा पक्षी क्षणभर येऊन जातो. त्याच्यासाठी एका जागी वीस मिनिटं गप्प बसावं लागतं.

काठच्या बाभळींवर रातबगळे झोपलेले असतात. सुगरणींची घरटी आता रिकामी, पण तारेवर भिंगऱ्यांच्या रांगा भरलेल्या.

तो एक अपवाद

सगळं पाणी एकदम उठलं, हजार पंखांचा आवाज झाला, तर पट्टा सोडून वर पाहा. दलदल भोवत्या आलेला असतो. गवतावरून खूप खालून, पंख किंचित वर धरून, उथळ व्ही आकारात तरंगत येतो. घारीची शेपूट दुभंगलेली, याची सरळ. मादी आणि पिल्लं गडद तपकिरी, डोकं मलईच्या रंगाचं. शरदात तरुण पक्षी अधिक दिसतात. उडालेला थवा पुन्हा बसेपर्यंत मोजणी थांबवा.

पक्ष्यांखेरीज

ऑक्टोबरमध्ये हवेत पिवळसर चतुरांचे थवे दिसतील. यांना ग्लोब स्किमर म्हणतात. पावसाच्या डबक्यांत जन्मलेले हे कीटक भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. मनोऱ्यावरून त्यांच्याकडे पाहताना मला दरवेळी बदकांइतकंच नवल वाटतं.

काठावर विरोळा असतो, तो बिनविषारी. बांधावर मुंगूस, सकाळी उशिरापर्यंत कोल्हा. पाणमांजर दिसणं नशिबाचं, पण काठच्या दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली तर वाटाड्याला दाखवा.

बिबट्याबद्दल स्पष्ट बोलतो. निफाडचा ऊस हे त्याचं घर झालं आहे. अंधारात उसाच्या कडेने पायी जाऊ नका. उजाडेपर्यंत गाडीत थांबा. चालताना घोळक्याने, बोलत चाला, लहान मुलं मध्ये. उसाजवळ वाकून किंवा बसून फोटो काढत राहू नका. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते तेव्हा बछडे सापडतात. उचलू नका, गर्दी करू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मादी परत येऊन त्यांना नेते.

मोजणी आणि नोंद

“खूप बदकं होती” ही नोंद नाही. थव्यातले दहा पक्षी मोजा, दहांचा तो गट किती जागा व्यापतो ते डोळ्यांत भरा आणि तेवढे गट थव्यावर मांडत जा. मोठ्या थव्यासाठी पन्नासचा गट. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे जुळवावेत. वहीत तारीख, वेळ, मनोरा आणि पाण्याची स्थिती लिहा: गाळ उघडा, अर्धा बुडालेला, की पूर्ण बुडालेला. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकतानाही पाण्याची ही ओळ टिपणात लिहा. पाच वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की पक्षी कमी झाले की फक्त पाणी जास्त होतं, हे तिथूनच कळतं.

वागण्याबद्दल

थवा उडताना फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवणारे, काठावर उतरून धावणारे लोक मी पाहिले आहेत. एकदा एकाने दगड मारला. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगावर चरबी उरलेली नसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला खाणं आणि झोप हवी असते. असं प्रत्येक उड्डाण त्याने नुकत्याच खाल्लेल्या घासातून भरून द्यावं लागतं. असा माणूस दिसला तर गप्प राहू नका, शांतपणे थांबवा. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवू नका, ड्रोन आणू नका, खाऊ टाकू नका.

संध्याकाळ

दुपार सावलीत काढा आणि साडेचारला पुन्हा मनोऱ्यावर या. सकाळी जी बदकं झोपलेली दिसली, ती आता अस्वस्थ होतात, माना वर करतात. सूर्य बुडाल्यावर लहान लहान टोळ्यांनी उठून ती शेतांकडे, दुसऱ्या पाण्याकडे चरायला जातात. संधिप्रकाशात ओळख पटत नाही, पण पंखांची शीळ ऐकून थापट्या की चक्रवाक हे हळूहळू कळू लागतं. पूर्ण अंधार होण्याआधी घोळक्याने गाडीकडे निघा, टॉर्च पायाशी ठेवा, पाण्यावर मारू नका. आणि निघण्याआधी वाटाड्याला विचारून घ्या की या आठवड्यात पाणी सुटणार आहे का.